गडग्यापलीकडची कुत्री

जोयडा तालुक्यात शेजार म्हणजे भिंतीला भिंत लागलेली घरं नसतात. मध्ये भाताची दोन खाचरं असतात, दगडी गडगा असतो, सुपारीच्या चार ओळी असतात आणि घरांच्या पाठीला लगेच रान लागतं. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीच्या बाजूला उगम पावते. तिच्यावरच्या धरणात जुनं सुपा गाव बुडालं आणि तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्याला आल्या. १९८७ साली अनशी राष्ट्रीय उद्यान झालं, २००७ साली दांडेली-अनशी व्याघ्र प्रकल्प. २०१५ पासून त्यालाच काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. या रानात वाघ आहे, काळा बिबट्या आहे, गवे, अस्वलं, रानडुकरं आहेत, कोळसुंदे म्हणजे रानकुत्रेही आहेत. कुणबी, मराठा, सिद्दी, गवळी, कुणाच्याही वाडीत जा, दाराशी पाळलेला कुत्रा असतोच.

त्यामुळे शेजाऱ्याची कुत्री हे इथलं जुनं भांडण आहे. दिल्ली-मुंबईत कुत्र्याला मालक नसतो म्हणून वाद होतो. इथे मालक समोरच राहतो. सणाला त्याच्याकडून ताट येतं, आजारपणात त्याचीच गाडी उपयोगी पडते, आणि म्हणून तक्रार जिभेवर येऊन परत जाते. खालचे दोघे शेजारी मी कल्पिलेले आहेत, भांडण मात्र कल्पिलेलं नाही. तात्या साठी ओलांडलेले शेतकरी. त्यांच्याकडे चार कुत्री, त्यांतली एक मादी. गडग्याच्या अलीकडे वहिनी. कोंबड्या, शेळ्या, दोन शाळकरी मुलं, नवरा कामाला गोव्यात. गावच्या नात्याने तात्या तिला सूनबाई म्हणतात.

वहिनी : तात्या, काल तिसरी कोंबडी गेली. तलंग होती, आठ-दहा दिवसांत अंड्यावर आली असती.

तात्या : मुंगूस असेल, सूनबाई.

वहिनी : मुंगूस कोंबडी तोंडात धरून गडग्यावरून तुमच्या खळ्यात नेत नाही. पिसं तिथेच पडलीत. तांबडा तिला पायाखाली धरून बसला होता. मी हाड हाड केलं तर माझ्यावरच गुरगुरला.

तात्या : बरं, तांबड्यानेच नेली. तिन्हींची किंमत सांग, मी कुणाचं देणं ठेवत नाही. पण कुत्री बांधा म्हणशील तर ते जमायचं नाही. मागे डुकरांनी मुडलीचा मळा एका रात्रीत उकरून टाकला, तेव्हा दाराशी एकच कुत्रा होता, तोही म्हातारा. पोरगा म्हणाला, एकाने भागत नाही. म्हणून चार झाली.

मुडलीचं नाव निघालं की जोयड्यातला माणूस गप्प होतो, त्याला कारण आहे. अळूच्या जातीचा हा मोठा लांबट कंद इथल्या कुणबी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. जोयड्यात कंदांचा मेळा भरतो तेव्हा लोक लांबून तो घ्यायला येतात. कंद वाढतो जमिनीखाली आणि डुकराला त्याचा वास वरून लागतो. एक कळप आत शिरला की पावसाळाभर केलेलं काम सकाळी मातीवर उलटं पडलेलं दिसतं. रात्री माळ्यावर जागायला आता घरात तरुण हात नाहीत. ते गोव्याला, बेळगावला, दांडेलीला गेले. त्यांची जागा कुत्र्याने भरून काढली आहे. तात्यांचा कुत्र्यांवरचा जीव यातून आलेला आहे, तो बाजूला सारून बोलणं म्हणजे निम्मंच बोलणं.

तात्या : तुला खरं सांगतो, मी अंथरुणात पडल्या पडल्या रान ऐकतो. गवा आला तर कुत्रा एका जागी उभा राहून लांबून भुंकतो. डुक्कर असेल तर भुंकत भुंकत धावून जातो, आवाज पुढे पुढे सरकतो. माणूस असेल तर थांबून थांबून. आणि बिबट्या असला तर भुंकतच नाही. ओसरीवर येऊन अंगाला चिकटतो, शेपूट पोटाखाली, आवाज घशातच. मग मी बत्ती घेऊन गोठ्याचं दार बघून येतो. हे काम माणूस करील का?

वहिनी : नाही करणार. तुमची कुत्री ओरडली की मीसुद्धा शेळ्यांचं दार बघते. रात्रीचं माझं काही म्हणणंच नाही, तात्या. माझं म्हणणं सकाळी नऊचं आहे. पोरं शाळेला निघतात तेव्हा ही चारही पायवाटेवर आडवी पडलेली असतात. थोरला काठी घेऊन जातो. धाकटी काय करते माहीत आहे? डब्यातली अर्धी पोळी त्यांना टाकते आणि ती खाईपर्यंत पळत सुटते. मला ठाऊकच नव्हतं. बाई म्हणाल्या, तुमची मुलगी दुपारी उपाशी असते.

तात्या : हे मला कुणी सांगितलं नाही.

वहिनी : मीच सांगत नव्हते. दोन घरांत वाकडं नको म्हणून.

तात्या : पण त्यांनी कुणाला चावलं का? अंगावर जातात, भुंकतात, बस. जातीचा कुत्रा भुंकणारच.

वहिनी : सात वर्षांच्या पोरीला तो चावणार नाही हे कसं कळावं? आणि ती रोज पोळी देते, म्हणून ती रोज वाट बघत बसतात. एखाद्या दिवशी डबा नसेल तेव्हा?

इथे वहिनीचं बोट बरोबर जागेवर पडलं आहे असं मला वाटतं. कुत्र्याने वाट अडवणं ही खोड आपोआप लागत नाही. पळणाऱ्या मुलामागे धावलं की मूल घास टाकतं, हे कुत्रा दोन-तीन दिवसांत शिकतो. शिकलेलं चारांत एकाने केलं की बाकीचे करतात. एकटा कुत्रा घरापाशी राहतो, चार झाले की टोळी होते आणि टोळीची हद्द घराच्या हद्दीपेक्षा मोठी असते. त्यातून या चौघांना मिळते सकाळ-संध्याकाळ थोडी पेज. राखणीच्या कुत्र्याचं पोट भरत नसेल तर तो शेजाऱ्याच्या परसात जाणारच. तांबड्याने कोंबडी धरली ती उनाडपणाने नव्हे, भुकेने.

वहिनी : आणखी एक विचारते, रागावू नका. यांना सुई टोचली आहे?

तात्या : कसली?

वहिनी : पिसाळीची. रेबीजची.

तात्या : गावठी कुत्र्याला कसली सुई? आमच्या आजोबांपासून कुणी टोचली नाही. पिसाळलेला कुत्रा दिसला की गाव त्याचं बघून घेतो.

वहिनी : दिसेपर्यंत तो किती जणांना चावलेला असतो? माझ्या माहेरी एका म्हशीला चावला होता. जखम बारीक, कुणी लक्ष दिलं नाही. दीड महिन्याने ती म्हैस दावं तोडून हंबरायला लागली, तोंडाला लाळ, पाणी प्यायला येईना. सगळं घर तिच्या जवळ गेलेलं, हाताने चारलेलं. सगळ्यांना इंजेक्शनं घ्यावी लागली. ती म्हैस होती, तात्या. मूल असतं तर?

तात्या : पोटात चौदा इंजेक्शनं. मी लहानपणी बघितली आहेत. त्या पोराच्या किंकाळ्या अजून आठवतात.

चौदा इंजेक्शनांची ही भीती खेड्यांतून अजून गेलेली नाही आणि तिच्यापायी लोक दवाखाना टाळतात, म्हणून थोडं थांबून सांगणं भाग आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००४ च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडाला देतात. कातडीत द्यायच्या पद्धतीत चार खेपा : पहिली सुई टोचायचा दिवस शून्य धरून, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. जखम खोल असली, रक्त आलं असलं, तर जखमेभोवती वेगळं औषध टोचावं लागतं, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते प्रत्येक लहान केंद्रात मिळेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारावं. या सगळ्याच्या आधी करायची गोष्ट घरातच आहे : जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली, पूर्ण पंधरा मिनिटं धुणं. चुना, हळद, तिखट यातलं काहीही लावायचं नाही. रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही असंच धरून चालायचं. आणि संशयित जनावरांनी चावलेल्या माणसांत दर दहांपैकी चार जण पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल पळतं, मूल चावा लपवतं, मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं.

वहिनी : तुमची लेक सांग्याला दिली आहे ना? तिच्या कुत्र्याला विचारा.

तात्या : तिच्याकडे दरवर्षी माणसं येतात. जाळी घेऊन. कुत्रा धरतात, टोचतात, डोक्याला रंग लावतात आणि सोडून देतात. पैसे घेत नाहीत. मी हसलो होतो तिला.

वहिनी : हसू नका. गडग्याच्या पलीकडे तुम्ही, घाटाच्या पलीकडे गोवा. कुत्र्याला सरहद्द कुठे कळते!

तात्यांनी पाहिलेली ती माणसं म्हणजे गोवा सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी २०१४ च्या सुमारास सुरू केलेली मोहीम. घरचा कुत्रा असो की रस्त्यावरचा, राज्यातल्या साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना दर वर्षी लस मिळावी एवढाच तिचा हिशेब होता, कारण तेवढ्यांना मिळाली की रोगाची साखळी तुटते. शाळाशाळांतून मुलांना कुत्र्यापाशी कसं वागायचं ते शिकवलं. २०१७ नंतरची काही वर्षं गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. त्यासाठी कुत्र्यांची सरसकट कत्तल करावी लागली नाही. हे घडलं ते सांगे, काणकोण, धारबांदोडा या जोयड्याला लागून असलेल्या तालुक्यांतही. अलीकडच्या वाडीत ते होऊ नये असं काहीही कारण नाही.

तात्या : बरं, सुई टोचून घेऊ. एवढं मान्य. पण साखळीचं नाव काढू नकोस. रात्री बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. सुटा असला तर पळेल, ओसरीवर चढेल. साखळीला असला तर सकाळी नुसता पट्टा सापडतो. मी पाहिलंय ते. काळा होता माझा, तांबड्याचा बाप. पाहुणे आले होते, पोरं घाबरतात म्हणून बांधला. मी त्या दिवशी जेवलो नाही.

वहिनी : ते मला माहीत आहे, तात्या. मी तेव्हा नवीनच आले होते या घरात.

तात्या : मग तूच सांग, काय करू?

वहिनी : बिबट्या मुळात घरापाशी का येतो? बाहेर हिंडणारी कुत्री दिसतात म्हणूनच ना? अकोल्याचं वाचलंय मी. नगर जिल्ह्यातलं अकोले.

वहिनीने वाचलेला अभ्यास खरा आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं काढलं. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. वजनाने पाहिलं तर बिबट्याच्या खाण्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता, शेळीपेक्षाही जास्त. पण तो उसाचा मुलूख आहे, तिथे बिबट्याला चितळ-भेकर मिळत नाही. जोयड्यात रान भरलेलं आहे. तिथला आकडा इथे जसाच्या तसा लावणं मला पटत नाही. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच राहते : रात्री अंगणात मोकळा पडलेला कुत्रा बिबट्याला सोपा पडतो आणि एकदा मिळाला की बिबट्या त्या अंगणाची वाट लक्षात ठेवतो.

साखळीच्या बाबतीत मी तात्यांच्या बाजूने आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही कुत्र्याला आखूड किंवा जड साखळीने फार वेळ जखडणं, सतत बांधून ठेवून फिरवायला न नेणं हा गुन्हा आहे. दिवसरात्र बांधलेला कुत्रा पिसाटतो, तोच सुटल्यावर चावतो. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा रुंद पट्टा घालतात, बिबट्याने नरडं धरू नये म्हणून. आपल्याकडे गुरांच्या गळ्यात लोढणं घालतात, तसं लाकूड कुत्र्यालाही अडकवलेलं कुठे कुठे दिसतं. त्याने धाव कमी होते खरी, पण बिबट्यापुढे तो कुत्रा लुळा पडतो. रान जवळ असेल तिथे उपाय एकच, बंद खोली. गोठ्याला लागून चार बाय सहाची जागा, बाजूने जाळी, वर पत्रा, आतून दिसेल आणि वास येईल अशी. कुत्रा आतून भुंकतोच, आणि तात्यांना रान ऐकायला तेवढं पुरतं.

तात्या : आतून भुंकून डुक्कर पळेल?

वहिनी : नाही पळणार. पण तुम्ही उठाल.

तात्या : माझं वय काय आता उठायचं?

या प्रश्नाला वहिनीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. डुकरासाठी कुत्रा मोकळा हवा, बिबट्यासाठी बंद. एकाच रात्री दोन्ही साधत नाही. कंद तयार होतात त्या दिवसांत मळ्याभोवती कुंपण आणि कुत्रा कुंपणाच्या आत, एवढं ज्यांना परवडतं ते करतात.

पुढे बोलणं कायद्यावर गेलं, कारण वहिनीच्या भावाने तिला पोलिसात जा असं सांगितलं होतं.

वहिनी : भाऊ म्हणतो, तक्रार दे. भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे म्हणे. सहा महिने कैद, नाहीतर पाच हजार दंड.

तात्या : कोंबडीपायी सहा महिने?

वहिनी : कोंबडीपायी नाही. तेच तर मी त्याला म्हटलं.

वहिनीचं बरोबर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेतलं हे कलम माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीला संभाव्य धोका असेल तिथेच लागतं. कोंबड्या त्यात येत नाहीत, पायवाटेवरची धाकटी येते. मालकाच्या ताब्यातलं जनावर धोकादायक ठरलं तर ते कोंडून ठेवा असा हुकूम दंडाधिकारीही काढू शकतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये ती तरतूद आहे. गावाने पूर्वापार वापरलेले कायदे मात्र कुत्र्याला विसरलेले दिसतात. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात हत्ती-उंटापासून डुकरं-शेळ्यांपर्यंत यादी आहे, म्हैस दुसऱ्याच्या शेतात शिरली तर कोंडवाडा आहे. त्या यादीत कुत्रा नाही. वन्यजीव कायद्यात अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतल्या पाळीव जनावरांना लस देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्या जनावरांच्या व्याख्येत कोंबड्या-बदकंसुद्धा नावानिशी आहेत, कुत्रा तिथेही नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला राहणाऱ्या गावांसाठी ही उणीव लहान नाही, ती भरून काढायला हवी.

तात्या : टीव्हीवर ऐकलं, सुप्रीम कोर्टाने कुत्री उचला म्हणून सांगितलं.

वहिनी : ते आधी दिल्लीपुरतं होतं. ११ ऑगस्ट २०२५ ला उचलून निवाऱ्यात ठेवा म्हणाले, २२ तारखेला बदललं : नसबंदी करा, लस टोचा आणि होती तिथेच सोडा, फक्त पिसाळलेली आणि चावरी सोडू नका. नोव्हेंबरात मग शाळा, दवाखाने, बसस्थानकांतून काढायला सांगितलं, देशभर. पण ती सगळी भटकी कुत्री. तुमची भटकी आहेत का?

तात्या : माझी? माझी कशी भटकी? माझ्या भाकरीवर वाढलेली आहेत.

वहिनी : हेच मला तुमच्या तोंडून हवं होतं. पोरीच्या अंगावर गेली की तुम्ही म्हणता, ती कुणाचं ऐकतात! डुक्कर हाकललं की म्हणता, माझी कुत्री!

२०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असंच काहीसं म्हटलं होतं : ज्याला भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं आहे त्याने ती रीतसर दत्तक घ्यावी, घरी न्यावी. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांबाबत ते योग्यच झालं, नाहीतर दया करणाराच गुन्हेगार ठरला असता. पाळलेल्या कुत्र्याचं तसं नाही. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांत पाळीव प्राण्याचं जंतनाशक, लस आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे असं सरळ लिहिलं आहे. खेड्यात तो नियम कुणी वाचत नाही. ग्रामपंचायतीत पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी बसतात, ग्रामसभा भरते, रस्ता आणि पाणी यांवर तास जातो, कुत्र्यांचा विषय निघाला की लोक हसून पुढे सरकतात. हसण्यासारखं त्यात काहीही नाही.

वहिनी : आणि तुमची कुत्री पुन्हा गाभण आहे.

तात्या : आहे. मागची सहा पिल्लं होती. दोन वाटली, दोन बिबट्याने नेली, दोघं राहिली.

वहिनी : वाटली कुठे? एक तर बाजाराच्या दिवशी रस्त्याला सोडलं, मी पाहिलं. ते आता हॉटेलापाशी हिंडतं.

तात्या : कुणी घेईना. करू काय? मारू?

वहिनी : मारा कोण म्हणतंय? दवाखान्यात न्या, एकदाच. वर्षातून दोनदा पोट, दर खेपेला पाच-सहा. त्यातली किती जगतात आणि कशी जगतात ते तुम्हाला बघवतं?

तात्या गप्प राहिले. आपल्याकडे या शस्त्रक्रियेला विरोध होतो तो बहुधा पापाच्या कल्पनेने, आणि राखणीचा कुत्रा मऊ पडेल या भीतीने. राखण करणारी मादी शस्त्रक्रियेनंतरही राखण करते. थांबतं ते माजाच्या दिवसांत सगळ्या वाडीतल्या नरांचं गोळा होणं, त्यांची मारामारी, आणि त्या झुंबडीतून मुलांवर येणारं संकट. पिल्लू रस्त्याला सोडून देणं हे पाप नव्हे काय, असं मी तात्यांना विचारीन.

वहिनी : तुम्हाला सांगणार नव्हते, पण सांगते. एकाने मला पुडी आणून देतो म्हटलं. भाकरीला लावून गडग्यावर ठेवा, दोन दिवसांत निकाल, म्हणाला.

तात्या : कोण तो?

वहिनी : नाव सांगणार नाही. मी त्याला दारातून परत पाठवलं. तुमचा तांबडा माझ्या शेळीपाशी रात्री बसतो कधीकधी, मी काय आंधळी आहे?

विषाची ही पुडी खेड्यांतल्या बहुतेक कुत्र्यांच्या भांडणांत कुठेतरी डोकावते, म्हणून तिच्याबद्दल आडपडदा नको. जनावराला विष घालणं हा न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. जोयड्यात त्याहून मोठी गोष्ट अशी की मेलेला कुत्रा रानाच्या कडेला टाकला जातो आणि तो बिबट्या खातो, कोल्हा खातो. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. त्याला विष घालून मारणाऱ्याला किमान तीन वर्षं कैद. आणि ज्या भाकरीने कुत्रा मरतो ती उचलायला अंगणातलं मूलही येऊ शकतं.

तात्या : तू परत पाठवलंस ते बरं केलंस. आता माझं एक ऐक. रेंजरसाहेबही परवा बोलून गेले. म्हणाले, तुमची कुत्री भेकराच्या मागे रानात गेली होती, कॅमेऱ्यात आली.

वहिनी : मग?

तात्या : मी म्हटलं, कुत्रा आहे, जाणारच.

वहिनी : त्यांना म्हटलंत, मला म्हटलंत. धाकटीला काय म्हणाल?

रेंजरांच्या बोलण्यामागे शिकारीचा संशय असतो हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पूर्वी कुत्री घेऊन पारधीला जाणं हा सणाचा भाग होता, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते संपलं, आणि कुत्रा घेऊन रानात दिसलेला माणूस आजही जाब देत बसतो. पण संशयापेक्षा रोग जास्त घातक आहे. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, आणि त्यांच्यात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. काळीच्या रानातले कोळसुंदे कुत्र्याच्याच कुळातले, कळपाने राहणारे, एकाला लागण झाली की सगळ्यांना होणार. गावठी कुत्रा रानात एक भेकर पळवतो ते डोळ्यांना दिसतं, मागे काय ठेवून येतो ते दिसत नाही.

एवढं बोलून झाल्यावर दोघांनी काय ठरवलं? कागद झाला नाही, पंच बोलावले नाहीत. लस टोचायला चारही कुत्री पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायची, हे तात्यांनी मान्य केलं. गाडीचं भाडं अर्धं-अर्धं, हे वहिनीने आपणहून म्हटलं, तात्यांना ते आवडलं नाही, पण नाही म्हणाले नाहीत. मादीची शस्त्रक्रिया पिल्लं दूध सोडतील तेव्हा. ही पिल्लं रस्त्याला सोडायची नाहीत. सकाळी साडेआठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी कुत्री गोठ्याच्या खोलीत बंद.

तात्या : त्या वेळेला वानरं सुपारीवर येतात, सूनबाई. नेमकी त्याच वेळेला.

वहिनी : एक तास मी बघीन. डबा वाजवीन.

तात्या : रोज?

वहिनी : शाळा आहे तितके दिवस.

तात्या : आणि रात्रीचं मी आताच कबूल करत नाही. कंद निघेपर्यंत दोन बंद, दोन मोकळी. नंतर बघू.

वहिनी : मोकळी कुठली दोन?

तात्या : तांबडा बंद.

वहिनी : मग चालेल. पेज मात्र वाढवा. नुसत्या पाण्यावर चार जीव राखण करत नाहीत. माझ्याकडचा उरलेला भात मी गडग्यावर ठेवीन, तुमच्या हाताने घाला, माझ्या नको. माझ्या अंगणात येऊन खायची सवय लागायला नको.

तात्या : आणि कोंबड्यांचे पैसे?

वहिनी : पैसे नकोत. तुमच्याकडची खुडूक बसलेली कोंबडी द्या, अंडी माझी घालते तिच्याखाली. आणि गडगा तुमच्या बाजूने ढासळलाय, तो पाऊस सुरू व्हायच्या आत लावून घ्या. त्याच भगदाडातून येतात सगळी.